'सीलपॅक' जुनं रॉकेट किट घेतलं आणि फसलो

जुनं मॉडेल रॉकेट किट (घरी जोडून खरंच उडवायचं छोटं रॉकेट) ऑनलाईन घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, माझे 185 डॉलर गेलेत.

आम्ही डेन्व्हरला राहतो, मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या एस्टेस कंपनीचं पेनरोज गाव इथून दक्षिणेला दोनेक तासांवर, त्यामुळे इकडं हा नाद लागायला वेळ लागत नाही. माझ्या डोक्यात बरीच वर्षं एकच किट बसलेलं, त्यांचं सत्तरच्या दशकातलं इंटरसेप्टर. खऱ्या कुठल्याच रॉकेटसारखं ते दिसत नाही, सरळ अंतराळातलं फायटर विमान, पंखांच्या टोकांना पॉड (लांबट डबे) आणि अंगभर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं. नंतर कंपनीने त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या पण मला जुनंच पाहिजे होतं. खाज, दुसरं काय.

तर एका जाहिरातीत दिसलं, 'ओरिजिनल, फॅक्टरी सील'. फोटो झकास. विकणारा म्हणाला पैसे अ‍ॅपवरच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून, म्हणजे मित्राला पाठवल्यासारखे पाठव, फी वाचेल, आणि मी पाठवले पण! त्यात परत मिळायची काही सोय नसते हे मला माहीत होतं हो, पण सहा डॉलर वाचतायत म्हटल्यावर हात आपोआप गेला. बायको म्हणाली, "पुठ्ठ्याच्या नळीला एवढे?" मी म्हटलं तुला नाही कळायचं.

किट आलं, पाकीट फोडलं आणि बाल्साच्या, म्हणजे हलक्या लाकडाच्या शीट बघून मी खूश, किती क्लीन कापलंय म्हणून लेकीला बोलावून दाखवलं. कडा जरा तपकिरी होत्या, म्हटलं जुनं लाकूड आहे. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते. त्या काळी त्या शीटमधले फिन (रॉकेटचे पंख) डाय-कट यायचे, म्हणजे साच्याने दाबून कापलेले, त्यांच्या कडा चेपलेल्या आणि थोड्या फाटक्या असतात. कडा तपकिरी जळालेल्या म्हणजे लेझर, आणि 1970 च्या दशकातल्या किटमध्ये लेझर कुठून येणार?

पुढचे तीन वीकेंड त्यात गेले. नळीवरच्या गोल गोल फिरणाऱ्या खाचेत लांबी भरली, बाल्साला सीलरचे चार हात, प्रत्येक हातानंतर 400 चा पॉलिश पेपर, तरी रेषा दिसतातच म्हणून पाचवा. फिनच्या बुडाला ग्लूचे फिलेट, म्हणजे सांध्यात गोलसर भर. मग प्रायमर, मग ग्लॉस व्हाइट, तेही गॅरेजमध्ये धूळ बसू नये म्हणून पहाटे उठून. सांगायचा मुद्दा, कष्ट कमी नव्हते.

मग डिकल. पहिलं कोमट पाण्यात सोडलं आणि वाटी गुलाबी झाली. आधी कळेचना, मग दुसरं टाकलं तर काळी शाई पसरली. कंपनीचे डिकल छापखान्यात छापलेले, ते फार तर पिवळे पडतील किंवा पाण्यात तुकडे होतील, रंग नाही सोडणार. हे घरच्या इंकजेटवर काढलेले आणि वरून क्लिअर लॅकर मारायचाही आळस केलेला. तेव्हा कुठं सूचनापत्रक नीट बघितलं, त्यात मूळ कागदाच्या घड्या आणि पिनांच्या सावल्या छापल्या होत्या. झेरॉक्स!

विकणाऱ्याला लिहिलं तर म्हणे पाकीट फोडलंस, आता परत नाही. दोन दिवसांनी अकाउंटच गायब. पैशाच्या अ‍ॅपवाल्यांनी सांगितलं तुम्ही मित्राला पाठवलेत, आम्ही काय करणार.

एक नक्की, नक्कल करण्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या प्लॅनवरून क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल बनवणारे भरपूर आहेत, मीही बनवलेत, सामान चाळीसेक डॉलरमध्ये होतं. फक्त ते क्लोन म्हणून विकतात. तुम्ही घेणार असाल तर पाकिटातून दिसणाऱ्या शीटच्या कडांचा जवळून फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. आणि नुसत्या सीलवर जाऊ नका, प्लास्टिक घरीसुद्धा हीट गनने आवळता येतं.

पुण्याहून भाऊ विचारत होता, इंजिनासकट पाठवशील का. बाबांनो, ही इंजिनं म्हणजे फटाक्यातली असते तशी स्फोटक दारूच, विमानाच्या बॅगेत चालत नाहीत आणि भारतात परवान्याशिवाय मागवता येत नाहीत, त्यामुळे 'इंजिनसह इंडिया डिलिव्हरी' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा.

रॉकेट आम्ही उडवलं, डिकलशिवाय, नुसतं पांढरं. C6-5 इंजिनावर मस्त सरळ गेलं, इंजिन विझल्यावर पाचेक सेकंदांनी पॅराशूटही उघडलं.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने दिसली. तोच फोटो, खाली तोच निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, किंमत 210. मी दुसऱ्या आयडीवरून शीटच्या कडांचा फोटो मागितला. मेसेज वाचलेला दिसतोय, उत्तर नाही.