बाबासाहेबांचं सव्वाशेचं नाणं: आठ महिन्यांनंतर

२०१५ साली १२५ व्या जयंतीवर्षात निघालेला डॉ. आंबेडकरांचा संच आठ महिन्यांपूर्वी जळगावात एका जुन्या नाणीवाल्याकडून घेतला. आत दोन नाणी, १२५ चं आणि १० चं. दर्शनी किंमत १३५, मोजले मात्र चार आकडी. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

मोठं नाणं ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम. तळहातावर घेतलं की भरीव वाटतं. ओळखीच्या सराफानं काट्यावर ठेवून न विचारताच हिशोब केला, "चांदी निम्मीच हो, साडेसतरा ग्रॅम. बाकी तांबं, निकेल, जस्त." मोडीचा भावही सांगून मोकळा.

चूक माझी. येईल त्याला डबी उघडून दाखवत गेलो, बोटं लागली, दोन महिन्यांत कडेला तपकिरी डाग आला. आईनं देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासून दिलं. डाग गेला, झळाळीही गेली. उजेडात तिरपं धरलं तर चेहऱ्यावर केसासारखे ओरखडे दिसतात. घेणार असाल तर डबी उघडूच नका, उघडलीच तर नाणं कडेनं धरा आणि आईपासून लांब ठेवा.

खरा वापर झाला तो दहाच्या नाण्याचा. संचातलं तसंच ठेवून, सुट्ट्या पैशांत आलेलं तसलंच एक पाकिटात बाळगलं. भरताची वांगी घेतली, पुढे केलं, तर मावशी म्हणाली, "भाऊ, हाई चालत नही." रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच दहाच्या सगळ्या १४ नमुन्यांची नाणी चालतात म्हणून सांगितलंय, हे मी समजावलं. "मंग बँकेतच दे ना!" ज्यांनी १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून डी.एस्सी. मिळवली, इंग्रज सरकारनं नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष दिली, त्यांचंच नाणं वांग्यांच्या पाटीशी अडलं. शेवटी नोट काढली.

३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगला लांडोर बंगल्यावर गेलो. बाबासाहेब १९३७ साली तिथे मुक्कामी होते, त्या आठवणीला दरवर्षी माणूस लोटतो. चहावाल्याला तेच नाणं दिलं. त्यानं उलटवून पाहिलं, कपाळाला लावलं आणि गल्ल्यात न टाकता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. मला तीन रुपये परत येणं होतं. मागितले नाहीत.

आता पाकिटासाठी दुसरं शोधतोय.