पिसे मोजली, पण बाण पाहिले नाहीत

गेल्या वर्षी न्यू जर्सीत एका हॉटेलच्या सभागृहात भरलेल्या नाण्यांच्या बाजारातून मी १८७८ चा एक मॉर्गन डॉलर (अमेरिकेचे जुने चांदीचे नाणे) ३४० डॉलर रोख देऊन घेतला. विक्रेत्याने तो ‘सेव्हन ओव्हर एट’ म्हणून, म्हणजे गरुडाच्या शेपटीच्या सात पिसांखाली जुन्या आठ पिसांची टोके दिसणारा प्रकार म्हणून दिला होता. प्रत्यक्षात तो त्या वर्षीचा साधा डॉलर निघाला आणि त्याच्या शेपटीखाली कोणीतरी कोरणी चालवलेली होती. जुन्या डॉलरांचे ठशांवरून, म्हणजे नाणे ज्यांनी पाडतात त्या धातूच्या शिक्क्यांवरून, पडणारे प्रकार गोळा करू लागलेल्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी या प्रकाराला किंमत का येते ते सांगायला हवे. मार्च १८७८ मध्ये हा डॉलर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडला जाऊ लागला, तेव्हा मागच्या बाजूच्या गरुडाला शेपटीची आठ पिसे होती. अमेरिकी नाण्यांवरील गरुडाला विषम संख्येने पिसे दाखवण्याचा प्रघात असल्याने लवकरच ती सात करण्यात आली. मात्र आठ पिसांचे काही तयार ठसे टाकून न देता त्यांच्यावरच सात पिसांचा नवा साचा (ज्याने ठसे घडवतात तो) दाबला गेला, आणि जुन्या पिसांची टोके नव्या पिसांखालून डोकावत राहिली. ती ठसठशीत दिसणाऱ्या नाण्यांना संग्राहक साध्या सात पिसांच्या डॉलरपेक्षा बरेच जास्त पैसे देतात. पुसट दिसणाऱ्यांचा भाव वेगळा असतो.

माझ्या वडिलांकडे पुण्यात राणीछाप रुपयांचा एक डबा होता. १८६२ हेच साल १८७४ पर्यंतच्या रुपयांवर राहिल्यामुळे नेमके वर्ष ओळखता यावे म्हणून ते सालाखालचे ठिपके भिंगातून मोजत बसत. त्या सवयीमुळे बारकाव्याच्या नाण्यांचे मला आकर्षण होते, आणि थोडी फाजील खात्रीही होती.

विक्रेत्याने नाणे प्लॅस्टिकच्या पाकिटासकट पुढे केले, स्वतःचे दहापटीचे भिंग दिले आणि सुईच्या टोकाने शेपटीची खालची कड दाखवली. सात पिसे स्पष्ट होती आणि त्यांच्या खाली चार बारीक टोके दिसत होती. टेबलावरचा दिवा बरोबर वरून पडत होता. मी पिसे दोनदा मोजली. घरी आल्यावर वजन केले, ते २६.७ ग्रॅम भरले, व्यास ३८.१ मिलिमीटर होता, आणि चुंबकाला नाणे चिकटले नाही. नाणे अस्सल होते, यात शंका नव्हती. परंतु या सर्व चाचण्या नाणे नकली आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. ते कोणत्या ठशातून उतरले, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

चार महिन्यांनी आमच्या गावातील नाणेसंग्राहकांच्या मंडळात मी ते नाणे एका वयस्कर सदस्यांना दाखवले. त्यांनी शेपटीकडे पाहिलेच नाही. गरुडाच्या नखांतल्या तीन बाणांपैकी सर्वांत वरच्या बाणाचे वरचे पीस त्यांनी भिंगाखाली धरले आणि नाणे मला परत दिले. ते पीस तिरके होते. आठ पिसांच्या ठशांवर जो सात पिसांचा साचा दाबला गेला, त्यात हे पीस बाणाच्या दांड्याला समांतर असते आणि गरुडाची छाती काहीशी आत गेलेली दिसते. तिरके पीस आणि फुगीर छाती हा त्याच वर्षी नंतर आलेल्या तिसऱ्या साच्याचा नमुना आहे. म्हणजे माझ्या नाण्याच्या शेपटीखाली काहीही दिसत असले, तरी ते जुन्या पिसांचे टोक असणे शक्यच नव्हते.

मग आम्ही दिवा डावीकडून आडवा धरला. पंखावरच्या पिसांची सावली उजवीकडे पडली, आणि शेपटीखालच्या त्या चार रेषांतली सावली मात्र डाव्या काठाला पडली. ठशातून उतरलेले टोक नाण्यावर उंचवट्याच्या रूपानेच येते. या रेषा आत खणलेल्या होत्या. खणताना उघडी पडलेली ताजी चांदी चकाकू नये म्हणून त्या काळवंडवलेल्याही होत्या. ज्याने हे केले त्याचा हात चांगला होता, हे मान्य करावे लागते.

मी विक्रेत्याला गाठले, तेव्हा त्याने शांतपणे पावती पाहायला सांगितली. पावतीवर ‘१८७८ मॉर्गन डॉलर, १ नग’ एवढेच होते. ‘सेव्हन ओव्हर एट’ हे शब्द फक्त पाकिटावरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलेले होते, आणि ती चिठ्ठी आपली नसून नाण्याबरोबर आलेली होती, असे त्याचे म्हणणे. रोखीवर वीस डॉलर कमी केल्याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. कार्डाने पैसे दिले असते, तर निदान बँकेकडे तक्रार तरी करता आली असती.

याच पाकिटांवर व्हॅन ॲलन आणि मॅलिस यांच्या वर्गीकरणातील ‘व्हॅम’ क्रमांकही पुष्कळदा लिहिलेले असतात. ते वर्गीकरण उत्तम आहे; फक्त त्यात ठशावरचा लहानसा ओरखडाही नोंदला जाऊ शकतो, आणि बहुतेक क्रमांकांना नेहमीच्या भावापेक्षा एक डॉलरही जास्त मिळत नाही. शिवाय नाणे पाडताना ठसा किंचित घसरला, तर अक्षरांना पायरीसारखी चपटी दुसरी कड येते. ती त्या एका नाण्यावरची घसर असते, ठशातली दुहेरी छाप नव्हे, आणि तिच्यासाठीही लोक पैसे मोजताना मी पाहिले आहेत. एकाच ठशातून उतरलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच खूण त्याच जागी असते, म्हणून आता मी विक्रेता दाखवतो ती खूण शेवटी पाहतो. आधी त्या ठशाच्या बाकीच्या खुणा जुळतात का ते पाहतो, माझ्याच भिंगाने आणि आडव्या उजेडात. प्रकाराचे नाव पावतीवर लिहून देण्यास जो तयार नसतो, त्याच्याकडून त्या नावाच्या भावाने मी काही घेत नाही.

एका दुकानदाराने ते नाणे चांदीच्या भावाने घेण्याची तयारी दाखवली होती. विकताना पाकिटावर ‘शेपटीखाली कोरलेले’ असे लिहाल का, असे मी विचारले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला की मग ते कोण घेईल. नाणे अजून माझ्या खणातच आहे.