मस्टर्डचा डाग आणि तोतया पोलीस: दक्षिण अमेरिकेत जोडीला कसं फसवतात

पोरगा एकटा नाही, सोबत मित्र आहे, म्हणून घरचे निर्धास्त असतात. बुएनोस आइरेस, ला पाझ, लिमा इथल्या भामट्यांना मात्र जोडीची अडचण होत नाही. एकाला संकटात टाकलं की दुसरा आपसूक मदतीला धावतो, आणि सामानाकडे बघायला कुणीच उरत नाही. खाली दिलेला पहिला डाव तर याच एका गोष्टीवर चालतो.

बुएनोस आइरेसमधला जुना आणि अजूनही चालणारा डाव म्हणजे मस्टर्डचा. प्लाझा दे मायो, सान तेल्मो, रेतिरोच्या बस स्थानकाचा परिसर, म्हणजे जिथे पाठीवर मोठी सॅक घेतलेली माणसं दिसतात, तिथे. मागून कुणीतरी छोट्या बाटलीतून पिवळट-हिरवं, घाण वास येणारं पातळ काहीतरी सॅकवर आणि मानेवर उडवतो. ते लगेच जाणवतही नाही. चार पावलं पुढे गेल्यावर एखादी सभ्य दिसणारी बाई थांबवते, वर झाडाकडे बोट दाखवते, म्हणजे पक्ष्याने घाण केली, आणि टिश्यू पुढे करते. रस्त्यावरच्या अनोळखी बाईकडे टिश्यूचा अख्खा पुडा आणि पाण्याची बाटली तयार कशी, हा प्रश्न त्या क्षणी सुचत नाही. सॅक उतरवल्याशिवाय पाठ पुसता येत नाही, म्हणून सॅक खाली येते. दुसरा मित्रही पुसायला लागतो आणि कॅमेऱ्याची छोटी पिशवी पायाशी ठेवतो. तेवढ्यात आणखी एक जण येऊन दुसऱ्या बाजूचा डाग दाखवतो. पिशवी उचलणारा वेगळाच असतो आणि तो शेवटपर्यंत दिसत नाही.

यावर उपाय एकच, डाग अंगावर घेऊन चालत राहायचं. «नो, ग्रासिआस», म्हणजे नको, धन्यवाद, म्हणायचं, पण थांबायचं नाही आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. जवळच्या कॅफेत शिरा. एकाने स्वच्छतागृहात जाऊन धुवायचं, दुसऱ्याने भिंतीला पाठ लावून दोघांचं सामान सांभाळायचं. ज्याच्या अंगावर उडेल त्याला दुसऱ्याने तिथल्या तिथे मदत करायची नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा. ऐन वेळी माणुसकी आडवी येते.

ला पाझचा डाव याहून महागात पडतो. कोपाकाबानाहून येणाऱ्या बस कब्रस्तानाच्या भागात थांबतात, आणि संध्याकाळी उशिरा तिथे उतरलेली जोडी सहज ओळखू येते. सान फ्रान्सिस्को चर्च आणि मुख्य बस टर्मिनलच्या आसपासही हेच चालतं. आधी भेटतो एक गोडबोल्या «पर्यटक»: शेजारच्या देशातला, पाठीवर सॅक, रस्ता विचारणारा. दोन मिनिटांच्या गप्पांत साध्या कपड्यातला माणूस येतो, ओळखपत्र झळकवतो, अमली पदार्थांची तपासणी आहे म्हणतो. तो «पर्यटक» निमूटपणे पासपोर्ट काढून देतो, सॅक उघडतो, पैसे मोजू देतो. त्याचं काम एवढंच, आपल्याला उदाहरण घालून देणं. मग आपलीही पाकिटं निघतात, नोटा «तपासून» लिफाफ्यात घालून परत मिळतात. लिफाफा खोलीवर जाऊन उघडला की आत निम्म्याच नोटा. याचा वाईट प्रकार म्हणजे «ठाण्यात चला» म्हणत टॅक्सीत बसवणं. तिथून प्रकरण एटीएम आणि पिनवर जातं.

म्हणून रस्त्यात अडवलं तर पासपोर्टची फक्त झेरॉक्स दाखवा, पाकीट बाहेर काढू नका आणि कुठल्याही गाडीत बसू नका. «वामोस कामिनान्दो आ ला कोमिसारिया», म्हणजे चालत ठाण्यात जाऊ, असं मोठ्याने म्हणा आणि एखाद्या दुकानात किंवा हॉटेलात शिरा. बोलिव्हियात पोलिसांचा नंबर 110. समोरचा चाकू किंवा बंदूक काढत असेल तर मात्र वाद घालू नका, मागेल ते द्या. कब्रस्तानाजवळ उतरलात आणि केबल कार सुरू असेल, तर तिची लाल लाइन तिथूनच मध्यवर्ती स्टेशनला जाते. ती स्वस्त आहे, आणि टॅक्सीत वाटेत अनोळखी माणूस चढण्याची भानगडही टळते. टॅक्सी घ्यावीच लागली तर हॉस्टेलमधून फोन करून रेडिओ टॅक्सी मागवा. वाटेत दुसरा प्रवासी घ्यायला ड्रायव्हर थांबला तर दोघांनीही लगेच उतरायचं.

पैसे बदलताना अदलाबदल होते. लिमात दलाल रस्त्यावर जॅकेट घालून उभे असतात, पण नुसतं जॅकेट म्हणजे भरवसा नव्हे. तुमची शंभर डॉलरची कोरी नोट घेऊन तो वळतो, «फाटकी आहे, चालणार नाही» म्हणून परत देतो, आणि ती खरंच फाटकी असते, कारण ती तुमची नसतेच. पेरू-बोलिव्हियात कोपरा फाटलेला किंवा पेनाची रेघ असलेला डॉलर कुणी घेत नाही, त्यामुळे तो तुमच्याच गळ्यात पडतो. भारतातून निघताना फॉरेक्सवाल्याकडून नव्या, स्वच्छ नोटाच मागून घ्या आणि नंबरांचे फोटो काढून ठेवा. तिथे आधी सोल (पेरूचं चलन) हातात घेऊन मोजायचे, मगच डॉलर सोडायचा. त्यांच्या कॅल्क्युलेटरवर विसंबू नका, आपल्या मोबाइलवर गुणाकार करा. सोलची नोट हाताने चाचपून, उजेडात धरून आणि तिरकी करून बघा. हे रांगेतले स्थानिकही करतात, लाजायचं कारण नाही.

बुएनोस आइरेसच्या फ्लोरिदा रस्त्यावर «काम्बियो, काम्बियो» (पैसे बदलून देतो) ओरडणाऱ्यांकडे जाण्याचा सल्ला जुन्या प्रवासवर्णनांत सापडतो. एप्रिल 2025 मध्ये अर्जेंटिनाने सामान्य नागरिकांवरचे डॉलरखरेदीचे बहुतेक निर्बंध उठवले आणि अधिकृत व काळ्या बाजारातल्या दरांतली मोठी तफावत संपली. आता चार पेसोंसाठी अनोळखी माणसामागे जिना चढून जाण्यात अर्थ नाही. तिथल्या टॅक्सीतही नोट बदलतात: दहा हजारांची नोट दिली की ड्रायव्हर ती «खोटी» म्हणून दुसरी परत करतो. सुट्टे ठेवा, देताना «दिएस मिल», म्हणजे दहा हजार, असं मोठ्याने म्हणा, किंवा ॲपवरून गाडी मागवा.

रिओच्या किनाऱ्यावर कार्ड मशीनचा पडदा फुटलेला किंवा हाताने झाकलेला असेल तर कार्ड टॅप करू नका. 20 रेआइसचं (ब्राझीलचं चलन) पेय 2000 ला पडतं. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये डेटिंग ॲपवरून भेटलेल्या व्यक्तीने दिलेलं पेय घेऊ नका. 2023 च्या शेवटच्या दोन महिन्यांत तिथे आठ अमेरिकी नागरिकांचे संशयास्पद मृत्यू झाल्याचं सांगत अमेरिकी दूतावासाने जानेवारी 2024 मध्ये असा इशारा दिला होता. रात्रीच्या बसमध्ये, विशेषतः इक्वेडोर आणि पेरूत, गणवेशासारखा शर्ट घातलेला कुणीतरी छोटी सॅक वर ठेवायला किंवा सीटखाली सरकवायला सांगतो. वरची सॅक पुढच्या थांब्यावर उतरते, खालची मागच्या सीटवरून ब्लेडने कापली जाते. पट्टा पायात अडकवूनही उपयोग नाही, कारण पट्टा तसाच राहतो आणि तळ फाटतो. सॅक मांडीवरच ठेवायची. दोघांनी आळीपाळीने झोपायचं.

आता वाटणी. दोघांचे पासपोर्ट एकाच पाऊचमध्ये नकोत. प्रत्येकाकडे वेगळ्या बँकेची दोन कार्डं हवीत, त्यातलं एक खोलीवर कुलपात. भारतीय सिम रोजच्या फोनमध्ये ठेवू नका: फोन गेला की ओटीपी गेला, आणि परदेशात बसून नवं सिम मिळवणं फार अवघड. ते एखाद्या जुन्या साध्या फोनमध्ये, रोमिंग सुरू करून, हॉस्टेलच्या लॉकरमध्ये राहू द्या. रोजच्या फोनला स्थानिक सिम किंवा ई-सिम घाला.

चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिसांत «देनुन्सिया», म्हणजे तक्रार, नोंदवून शिक्क्याची प्रत घ्या. तिच्याशिवाय विम्याचा दावा टिकणं कठीण. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय दूतावासाकडून मिळणारं तातडीचं प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरतं असतं, पुढचे देश विसरा. आणि पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लोक हमखास पासपोर्टमध्येच खोचून ठेवतात, त्यामुळे ते त्याच्याबरोबरच जातं. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून कार्डाशिवाय मुंबईत उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मूळ कार्ड वेगळ्या खणात, फोटो दोघांच्याही ईमेलवर, आणि लस घेतलेल्या केंद्राचं नाव व नोंदणीची तारीख लिहून घरी.