अकरा महिने एका मॅक्रो लेन्ससोबत, त्यातला महिनाभर ऑटोफोकसशिवाय

मागच्या सप्टेंबरात ही १०० मिमी, एफ/२.८ ची मॅक्रो (अगदी जवळून छोट्या गोष्टी मोठ्या टिपणारी) लेन्स २४ हजारांना सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात निम्मा दोष माझा आणि उरलेला आंबोलीच्या पावसाचा आहे. बॉडी, म्हणजे कॅमेरा, एपीएस-सी (छोट्या सेन्सरचा) डीएसएलआर, तोही जुनाच. लेन्स विकायची नाहीये, त्यामुळे कौतुक कुठे जास्त वाटलं तर गिऱ्हाईक शोधतोय असं समजू नका.

काचेबद्दल तक्रार शून्य. चतुराच्या (ड्रॅगनफ्लायच्या) डोळ्यांचा फोटो काढला तर त्यातले कप्पे मोजावेत इतकी धार. आईचा फोटो काढला तर ती म्हणाली, “एवढं खरं दाखवायची काही गरज होती का?” बस, काचेची परीक्षा तिथेच झाली. हा अनुभव लिहायला बसलोय तो फोकससाठी.

पहिला दणका पंधरा दिवसांत बसला. कासला गेलो होतो, सीतेची आसवं भरात होती. वाटेच्या कडेला गुडघे टेकले, बटण अर्धं दाबलं, लेन्स या टोकाकडून त्या टोकाकडे गेली आणि गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. लांबचा डोंगर टिपायची, समोरचं फूल नाही. शटरही पडेना, कारण सिंगल ऑटोफोकस मोडला फोकस लागल्याशिवाय माझी बॉडी फोटोच काढत नाही. घरी येताना गाडीत विकणाऱ्याच्या नावाने जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रात्री त्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, “लिमिटरचा स्विच कुठे आहे?”

लिमिटर म्हणजे लेन्सच्या अंगावरचा छोटा स्विच. मॅक्रो लेन्सला जवळून लांब जायला मोटरला खूप पल्ला असतो, म्हणून तो तोडून द्यायची सोय असते. माझ्या लेन्सवर दोन खाचा आहेत : पूर्ण पल्ला, किंवा अर्धा मीटर ते अनंत. बॅगेतून काढता-घालताना तो दुसऱ्या खाचेत सरकला होता. म्हणजे अर्ध्या मीटरच्या आतलं काही बघायचंच नाही असा हुकूम मीच दिला होता आणि लेन्स तो इमानाने पाळत होती. फोन ठेवताना “थँक्यू” म्हणालो, आवाज जरा बारीकच निघाला.

तेव्हापासून “माझी मॅक्रो फोकस करत नाही” असं कोणी म्हटलं की मी आधी स्विच विचारतो, मग अंतर. किमान अंतर ३० सेमी लिहिलेलं असतं ते लेन्सच्या तोंडापासून नसतं, सेन्सरपासून असतं. बॉडीच्या डोक्यावर गोलाला छेदणारी रेघ असते ना, तिथून मोजायचं. लेन्सची लांबी वजा केली तर काचेपुढे उरतात जेमतेम १५ सेमी. त्याच्या आत शिरलात तर जगातली कुठलीही मोटर फोकस लावून देणार नाही. (समोर चापडा हा विषारी साप असेल तर हे १५ सेमी वापरून बघू नका. चापड्याचा फोटो एकास एक, म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराइतका, निघायची काही गरज नसते.) शिवाय एकास एकला सेन्सरवर पोचणारा प्रकाश जवळजवळ दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी होतो आणि छिद्र लहान करून एफ/११ लावूनही जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. तुमच्या श्वासाने कॅमेरा त्याहून जास्त हलतो. अशा वेळी लेन्स पुढे-मागे चाचपडते तो बिघाड नव्हे, त्या कामाचा स्वभावच तो.

खरा बिघाड जुलैत झाला.

आंबोलीत तीन दिवस मुक्काम होता. तिथला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. छत्री, रेनकोट, कॅमेऱ्याला प्लॅस्टिक, सगळं असूनही ओल आत जातेच, कारण ती वरून पडतच नाही, हवेतच असते. रात्री पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मलबार ग्लायडिंग फ्रॉग या बेडकाचं फेसाचं घरटं आणि शेजारी मादी. तीनचार फोटो झाले आणि लेन्समधून चिमणीच्या पिल्लासारखा चीं असा आवाज आला. फोकस हलला, अर्ध्यावर थांबला. दुसऱ्यांदा दाबलं तर नुसता आवाज, हालचाल नाही. स्विच बघितला. पूर्णवरच होता. यावेळी मी निर्दोष होतो, त्याचाही थोडा आनंद झाला.

आता इथे या लेन्सचा मोठेपणा. फोकसची रिंग हाताने फिरवली तर आतली काच गुमान सरकत होती, कारण रिंग आणि काच यांचं नातं यांत्रिक आहे. पुढचे दोन दिवस रिंगने चित्र किती मोठं हवं ते ठरवायचं, मग अख्खा कॅमेरा घेऊन केसभर पुढे-मागे डुलायचं आणि डोळा स्पष्ट दिसला की बटण, असंच काम केलं. वर्षभरातले माझे सगळ्यात चांगले चार फोटो त्या दोन रात्रींतले आहेत. हल्लीच्या बऱ्याच लेन्समध्ये रिंग नुसती तारेने हुकूम पोचवते. तिथे मोटर मेली की रिंगही मेली. पावसात काम करणाऱ्याने घेण्याआधी एवढं जरूर तपासावं : लेन्स बॉडीवरून काढून, रिंग फिरवून आत काही सरकतंय का ते बघा.

कोल्हापूरला परतल्यावर दोषी कोण ते शोधायला बसलो. त्याच बॉडीवर ५० मिमी लावली, झकास चालली. म्हणजे बॉडी सुटली. मित्राच्या बॉडीवर मॅक्रो लावली, तिथेही चीं. म्हणजे लेन्सच. मागच्या पितळी पिना सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पुसल्या. खोडरबराने घासायचा सल्ला मिळाला होता, तो मानला नाही : वरचा सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा आत जातो. पुसून फरक पडला नाही. पिनांचा दोष असता तर बहुधा बॉडीने एरर दाखवली असती किंवा छिद्राचा (एफ/२.८, एफ/११ असा) आकडाच गायब झाला असता. इथे आकडा नीट दिसत होता, मोटरला हुकूम पोचत होता, फक्त तिच्यात जोर नव्हता. लेन्सचं तोंड खाली केलं की थोडी सरकायची, वर केलं की अडकायची.

तांदळाच्या डब्यात ठेव, असं तिघांनी सांगितलं. तांदूळ भातासाठी ठेवला. त्याची पूड रिंगच्या फटीत गेली तर नवं दुखणं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरने लेन्स न उघडताच अख्खी मोटर बदलावी लागेल म्हणून १४ हजार सांगितले आणि पार्ट यायला किती दिवस लागतील याला उत्तर नाही. हा प्रकार मला आवडला नाही. शेवटी मुंबईला कामासाठी गेलो तेव्हा फोर्टात, बोरा बाजारात एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यांनी लेन्स कानाला लावून रिंग फिरवली आणि म्हणाले, “पाणी नाही प्यायली, पण वाफ खाल्लीय.”

त्यांनी दाखवलं ते असं : अशा कडीवाल्या अल्ट्रासॉनिक मोटरमध्ये दातेरी चाकं नसतात. एक धातूची कडी सूक्ष्म कंप पावते आणि तिच्यावर दाबून बसवलेली दुसरी कडी त्या कंपाने फिरते. सगळा खेळ दोघींच्या घर्षणाचा. माझ्या लेन्समध्ये त्या दोन कड्यांमध्ये ओलीने मळ धरला होता, पकड सुटली होती, म्हणून नुसती कण्हत होती. त्यांनी कड्या साफ केल्या, जोडल्या, ३,८०० रुपये घेतले. जाताना आतली फ्लेक्स पट्टीही (तारांची वाकणारी पातळ पट्टी) दाखवली, वळणाशी हलकी सुरकुती आहे. “ती जाईल तेव्हा पुन्हा या,” म्हणाले. वॉरंटी नाही, पावतीही हाताने लिहिलेली.

त्याला आता तीन आठवडे झाले. ऑटोफोकस चालतो, पूर्वीपेक्षा किंचित सुस्त वाटतो, विशेषतः पहाटे. फुलपाखरू उडतंय आणि लेन्स विचार करतेय असं दोनदा झालं. पण मॅक्रोला मी आता ऑटोफोकस लावतच नाही, तो पोर्ट्रेटपुरता.

लेन्स आता रबरी कडेच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत असते. आत शंभर-दीडशेचा आर्द्रतामापक टाकलाय, काटा ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. साठच्या वर गेला की जेल तव्यावर मंद आचेवर परतून घेतो, तो तवा वेगळा ठेवलाय, नाहीतर घरात माझंच जेल झालं असतं. पावसातून आल्यावर लगेच डबा बंद करत नाही, आधी पुसून तासभर पंख्याखाली. आणि लिमिटरच्या स्विचवर काळी चिकटपट्टी मारलीय, पूर्ण पल्ल्यावर.