आखडलेला खांदा आणि विश्रामबागेतले फिजिओथेरपी केंद्र

दिवाळीच्या साफसफाईत वरच्या फळीवरचे डबे काढल्यानंतर माझा डावा खांदा दुखू लागला, तेव्हा लचक भरली असेल असे मी धरून चालले. संक्रांतीपर्यंत मात्र वेणी घालणे, ब्लाऊजचे मागचे हूक लावणे आणि त्या कुशीवर झोपणे ही तिन्ही कामे अशक्य होऊन बसली. मध्यंतरी एके ठिकाणी तेल लावून हात जोराने ओढून घेतला, त्याने दुखणे कमी न होता वाढलेच. शेवटी मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डरचे निदान केले आणि सांगलीत विश्रामबागेतल्या एका फिजिओथेरपी केंद्रात जायला सांगितले. तेथे मी सात महिने उपचार घेतले.

पहिल्या दिवशी तेथील मॅडमनी कोणतेही यंत्र न लावता पाऊण तास केवळ तपासणी केली. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितला. उजवा हात ६० अंशांपर्यंत सहज गेला, डावा १५ वरच अडला. मग त्यांनी स्वतः हलकेच फिरवून पाहिला, तरी तो तेथेच अडला. आपण हलवला काय किंवा दुसऱ्याने हलवला काय, सांधा सारखाच अडतो, ही या आजाराची मुख्य खूण असल्याचे त्यांनी समजावून सांगितले. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते आणि आकसते, म्हणून हाडाच्या एक्स-रेमध्ये बहुधा काही दिसत नाही. हा त्रास बहुतेक ४० ते ६० या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि विशेषतः मधुमेह किंवा थायरॉईड असणाऱ्यांना अधिक होतो. मला आठ वर्षे मधुमेह आहे, पण खांद्याशी त्याचा संबंध असू शकतो हे मला प्रथमच कळले.

या केंद्राचे मला सर्वांत मोलाचे वाटले ते त्यांचे धीराने घेणे. ठणका जोरात असताना त्यांनी हात एकदाही ताणला नाही; कमरेत वाकून, उजवा हात टेबलावर टेकवून, डावा हात लोंबता सोडायचा आणि त्याची लहान लहान वर्तुळे काढायची, एवढाच व्यायाम आणि शेक. डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉईडचे एक इंजेक्शन दिले, तेव्हा काही दिवस साखर वाढेल याची कल्पना आधीच मिळाली होती आणि तसेच झाले. ठणका ओसरल्यावर काठी, दोरी-कप्पी आणि भिंतीवर बोटे चढवत नेण्याचे व्यायाम सुरू झाले. स्वयंपाकघराच्या दारामागे मी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहीत असे. कधी दहा दिवसांत जेमतेम एक बोट अंतर पडे, कधी रेघ तेथेच राही. पूर्ण बरे व्हायला एक ते तीन वर्षे लागू शकतात आणि काहींना थोडा ताठरपणा उरतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते, त्यामुळे मी खचले नाही.

उणिवाही आहेत. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि संध्याकाळी सहानंतर वेळ घेऊनही अर्धा तास बसावे लागते. व्यायामाचा कागद फक्त इंग्रजीत मिळतो, ही मला गंभीर बाब वाटते. माझ्या शेजारी बसणाऱ्या हरिपूरच्या आजी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवत आणि घरी आठवेल तसे हात हलवत. मी तो मराठीत उतरवून दिला, तेव्हा मॅडमनी आनंदाने त्याच्या प्रती काढल्या. छापील कागदही आता मराठीत यावा. एका वेळचे ३५० रुपये तसे जड जातात, परंतु तिसऱ्या महिन्यापासून त्यांनी आपणहून आठवड्यातून एकदाच बोलावले आणि बाकीचे घरी करायला लावले.

आज हात बाहेरच्या बाजूला ५० अंशांपर्यंत फिरतो, वेणी माझी मी घालते, वरच्या फळीवरचा हळदीचा डबाही हाताला येतो. मागचे हूक तेवढे अजून लागत नाही. जाणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी आणि मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी) रिपोर्ट सोबत न्यावा. तो पहिल्याच भेटीत मागतात.