यांकीज की मेट्स? २०२६च्या मोसमाआधी संघ निवडणाऱ्यांसाठी

मार्च उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत कुणीतरी विचारतंच: बेसबॉल बघायला सुरुवात करायचीय, संघ कुठला धरू? जर्सीला मेजर लीगचा स्वतःचा संघ नाही. राज्याचा दक्षिण भाग फिलाडेल्फियाच्या फिलीजचा. एडिसन, इझलिन, जर्सी सिटी, पार्सिपनी या आपल्या माणसांच्या पट्ट्यात निवड उरते ती न्यूयॉर्कच्या दोन संघांत: ब्राँक्समधले यांकीज किंवा क्वीन्समधले मेट्स. मी मेट्सची आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल तुमच्या लक्षात राहील. यंदा कागदावर यांकीज जास्त भक्कम आहेत, हे मला मान्य आहे. तरीही नव्याने खेळ बघू लागणाऱ्याला मी मेट्सच सुचवेन.

मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. चांगले चांगले संघही त्यातले साठ-पासष्ट हरतात. त्यामुळे आयपीएलसारखं 'यंदा कोण जिंकणार' एवढ्यावर संघ निवडलात तर मे महिन्यातच कंटाळाल. जूनमधल्या एखाद्या मंगळवारी, जेवणं उरकून टीव्हीसमोर बसल्यावर, कुणाची बॅटिंग येईपर्यंत जागं राहावंसं वाटेल? निवड त्यावर करा.

इतिहास थोडक्यात उरकते. यांकीजनी २७ वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली आहे, इतकी दुसऱ्या कुणीच नाही. पण शेवटची २००९ मध्ये. मेट्सच्या नावावर दोनच, १९६९ आणि १९८६. डॉजर्स आणि जायंट्स हे न्यूयॉर्कचे दोन संघ १९५७च्या मोसमानंतर कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि ती पोकळी भरायला १९६२ मध्ये मेट्स उभे राहिले. डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी असे दोघांचे रंग त्यांनी घेतले. पहिल्याच वर्षी १२० सामने हरले आणि सात वर्षांनी विजेते झाले. एवढं पुरे, कारण खरी निवड आजच्या खेळाडूंवरून करायची आहे.

जज आणि सोटो

यांकीज म्हणजे ॲरन जज. उंची ६ फूट ७ इंच, पाठीवर ९९ क्रमांक, संघाचा कर्णधार. २०२२ मध्ये त्याने ६२ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, कुंपणापार जाणारे फटके) मारून रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा ६१चा अमेरिकन लीग विक्रम मोडला. मेजर लीगच्या दोन लीगपैकी ही एक. २०१७ मध्ये ५२, २०२४ मध्ये ५८ आणि गेल्या वर्षी ५३. चार मोसमांत पन्नाशी ओलांडणारे बेब रूथ, मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा हे तिघेच त्याच्याआधी होते. एवढे होमरन मारणारे लोक सहसा बॅट फिरवताना बरेच चुकतात आणि त्यांची सरासरी, म्हणजे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, घसरते. जजने २०२५ मध्ये ५३ होमरनसोबत .३३१ची सरासरी राखली, ती दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त होती. २०२२, २०२४ आणि २०२५ असे तीन एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) किताब त्याच्याकडे आहेत. आजच्या घडीला त्याच्याइतका चांगला बॅटर दुसरा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच्यावर आक्षेप एकच असायचा, ऑक्टोबरचा, म्हणजे मोसमानंतरच्या प्लेऑफ सामन्यांचा. २०२४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पाचव्या सामन्यात यांकीज ५-० पुढे असताना त्याच्या हातून एक सोपा झेल सुटला आणि तिथून सामना व मालिका दोन्ही गेल्या. गेल्या ऑक्टोबरात त्याने त्याचं उत्तर दिलं. टोरांटो ब्लू जेजविरुद्ध तिसऱ्या सामन्यात यांकीज ६-१ मागे पडले होते. शंभर मैलांच्या जवळपास वेगाचा, अंगावर येणारा, छातीच्या उंचीचा चेंडू त्याने डावीकडच्या फाऊल पोलवर, म्हणजे मैदानाची हद्द दाखवणाऱ्या खांबावर, मारून बरोबरी साधली, आणि यांकीजनी तो सामना ९-६ जिंकला. तसा चेंडू मैदानात आत ठेवणंच कठीण. बहुतेकांचा तो फाऊल, म्हणजे हद्दीबाहेर, जातो. मालिका अखेर ब्लू जेजनी जिंकली, पण जज मोठ्या सामन्यात ढेपाळतो असं म्हणणाऱ्यांनी तो फटका नीट बघावा. काळजी वाटते ती वयाची. एप्रिलमध्ये तो ३४ पूर्ण करेल आणि गेल्या उन्हाळ्यात उजव्या कोपराच्या दुखापतीने त्याला बसवलं होतं.

मेट्सकडे हुआन सोटो आहे. वय २७. २०२४ मध्ये तो यांकीजकडूनच खेळला, ४१ होमरन मारले, आणि क्लीव्हलँडमध्ये दहाव्या इनिंगला तीन रनांचा होमरन मारून त्याने यांकीजना वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं. त्याच डिसेंबरात तो शहरातल्या दुसऱ्या संघात गेला: १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर. मे २०२५ मध्ये तो मेट्सच्या कपड्यांत यांकी स्टेडियमवर आला, तेव्हा राइट फील्डमागच्या प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. या दोन संघांतली आजची चुरस समजून घ्यायची असेल तर हा एक माणूस पुरेसा आहे.

सोटोचा पहिला महिना-दीड महिना वाईट गेला. आमच्याच लोकांनी त्याची हुर्यो केली, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. मोसम संपला तेव्हा हिशेब असा होता: ४३ होमरन, १२७ वॉक (ते काय, खाली सांगते) आणि ३८ स्टोलन बेस, म्हणजे चेंडू टाकला जात असताना धावून चोरलेले पुढचे बेस. शेवटचा आकडा मला अजूनही थक्क करतो. सोटो वेगवान धावपटू नाही. त्याआधी एका मोसमात त्याने १२च्या वर बेस चोरलेच नव्हते. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, पाय कधी उचलला जातो, तो मागे वळून बघतो का, याचा अभ्यास करून त्याने ते मिळवले, आणि त्यात मेट्सचे फर्स्ट बेस कोच अँटोन रिचर्डसन यांचा मोठा वाटा होता. रिचर्डसन आता अटलांटा ब्रेव्हजकडे गेले आहेत. सोटो यंदा पुन्हा तेवढे बेस चोरेल असं मला वाटत नाही. वीस चोरले तरी मी खूष असेन. फील्डिंगमध्ये तो कच्चाच आहे, त्याबद्दल भ्रम नको.

मग जज श्रेष्ठ आहे असं म्हणूनही मी नव्या माणसाला सोटो का दाखवते? त्याने सोडलेल्या चेंडूंसाठी. स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या, चेंडू ज्यातून जायला हवा त्या काल्पनिक चौकटीच्या) बाहेरचे चार चेंडू सोडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, तोच वॉक. कसोटी बघणाऱ्याला ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडण्यातली शिस्त ओळखीची असते, सोटोकडे तीच आहे. इंचभर बाहेरचा चेंडू सोडून तो पाय घासत पुढे सरकतो, पिचरच्या डोळ्यांत बघतो, कधी मान हलवतो. एकेका पाळीत पिचर काय करू पाहतो आहे आणि बॅटर त्याला काय करू देत नाही, हे त्याच्याकडे बघून आपोआप कळायला लागतं. जजची पाळी एका फटक्यात डोळे दिपवते, पण नवख्याला तो फटका कुठून आला ते कळत नाही. आधी सोटो बघा. मग जजही जास्त चांगला दिसेल.

यंदा हे बघण्याला आणखी एक कारण आलं आहे. २०२६ पासून स्ट्राइक (झोनमधला चेंडू) की बॉल (बाहेरचा) या निर्णयाला मशीनकडे आव्हान देता येणार आहे. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं, आणि मागणारा फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर. डोक्यावर हात मारायचा की झालं. डगआऊटमधून कुणी खुणावायचं नाही. झोन प्रत्येक बॅटरच्या उंचीनुसार मोजला जाईल. जजच्या गुडघ्याखालचे चेंडू वर्षानुवर्षं स्ट्राइक दिले गेले, कारण तेवढ्या उंच माणसाचा झोन अंपायरच्या नजरेत बसत नाही. माझ्या अंदाजाने या नियमाचा सर्वांत मोठा फायदा त्यालाच होईल, आणि त्याच्या खालोखाल सोटोला, कारण अंपायर चुकला हे ज्याला खात्रीने सांगता येतं असे फार थोडे बॅटर आहेत.

बाकीचा संघ

यांकीजनी गेल्या वर्षीचा संघ जवळपास तसाच ठेवला. २०२५ मध्ये त्यांनी २७४ होमरन मारले आणि ८४९ रन काढले, दोन्हींत सगळ्या लीगमध्ये पहिले. ९४ सामने जिंकले. कोडी बेलिंजर परत आला, ट्रेंट ग्रिशम थांबला, जॅझ चिझम आहे, बेन राइस आहे. पिचिंगमध्ये मॅक्स फ्रीडने पहिल्याच वर्षी १९ विजय मिळवले. गेरिट कोल कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२५ पूर्ण मुकला, तो या मोसमात परतणार आहे. आणि कॅम श्लिटलर! बॉस्टनच्या रेड सॉक्सविरुद्ध हरला तर घरी अशा सामन्यात या नवख्या पोराने आठ इनिंग टाकल्या, १२ बॅटर स्ट्राइकआऊट केले, एकही वॉक दिला नाही, एकही रन दिला नाही. तो बॉस्टनजवळच वाढलेला. मेट्सकडे असता तर मी रोज त्याच्याबद्दलच बोलले असते.

मेट्सनी उलट केलं, घर पाडून पुन्हा बांधलं. कारणही होतं. १२ जून २०२५ ला ते ४५ जिंकून २४ हरले होते, तेव्हा सगळ्या लीगमध्ये सर्वांत पुढे. तिथून पुढे ३८ जिंकले आणि ५५ हरले. शेवटच्या दिवशी मायामीत हरून सिनसिनाटी रेड्सच्या बरोबरीत आले, आपसातल्या सामन्यांत रेड्स वरचढ असल्याने प्लेऑफ हुकला. त्यानंतर पीट अलोन्सो बाल्टिमोरला गेला. संघाच्या इतिहासात सर्वांत जास्त, २६४ होमरन मारणारा माणूस! संघबांधणीचे प्रमुख डेव्हिड स्टर्न्स यांचा हिशेब मला समजतो, तिशी ओलांडलेल्या फर्स्ट बेसमनला पाच वर्षांचा करार द्यायचा नव्हता. पण ज्याने इतकी वर्षं रोज मैदानात उतरून संघ ओढला त्याला असं जाऊ दिलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, एडविन डिआझ डॉजर्सकडे गेला, ब्रँडन निमो टेक्ससला.

त्यांच्या जागी आलेत बो बिशेट, मार्कस सेमियन, लुइस रॉबर्ट ज्युनियर, होर्हे पोलांको, आणि पिचर फ्रेडी पेराल्टा. पेराल्टा हा माझ्या मते सर्वांत चांगला सौदा: मिलवॉकीत गेल्या वर्षी १७ विजय, २.७० ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन, जितके कमी तितके चांगले). बिशेटने ब्लू जेजकडून खेळताना वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात डॉजर्सच्या ओहतानीच्या चेंडूवर तीन रनांचा होमरन मारला होता, म्हणजे छाती आहे. पण तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर), इथे थर्ड बेसवर उभा राहणार. पोलांको फर्स्ट बेसवर, जिथे त्याला जवळजवळ अनुभवच नाही. रन रोखण्यावर भर द्यायचा म्हणून संघ बदलला आणि दोन कोपऱ्यांवर नवशिके उभे केले, हे मला पटत नाही. शॉर्टस्टॉपला फ्रान्सिस्को लिंडोर आहे, गेल्या वर्षी ३१ होमरन आणि ३१ स्टोलन बेस. तो असेपर्यंत फील्डिंगची मधली फळी शाबूत. नोलन मॅक्लीनने ऑगस्टमध्ये येऊन आठ सामन्यांत २.०६चा ईआरए राखला, त्याचा स्वीपर, म्हणजे आडवा वळणारा चेंडू, बघायला विसरू नका. शेवटच्या इनिंगचं काम डेव्हिन विल्यम्सकडे. तो गेल्या वर्षी यांकीजमध्ये फार झगडला, त्यामुळे पहिले काही सामने धडधडतच बघावे लागतील.

माझा अंदाज: यांकीज प्लेऑफला नक्की, मेट्स शेवटच्या आठवड्यापर्यंत लटकत. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, वर्गातली निम्मी मुलं ९९ची जर्सी घालून येत असतील आणि त्याला रोज जिंकणारा संघ हवा असेल, तर यांकीज घ्या. मोठ्या माणसाने स्वतःसाठी निवडायचा असेल तर मेट्स घ्या, कारण यंदा अर्धा संघ आम्हालाही नवा आहे. जुने चाहते आणि तुम्ही एकदमच सुरुवात करणार आहात.

बघायचं कसं

टीव्हीवर यांकीज येस नेटवर्कवर, मेट्स एसएनवायवर. इथे मला काही शंकाच नाही. गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग हे मेट्सचं त्रिकूट २००६ पासून एकत्र आहे, त्यातले दोघे १९८६च्या विजेत्या संघातले. स्वतःच्या संघाची चूक ते चूक म्हणूनच सांगतात. डार्लिंग पुढचा चेंडू कुठे पडेल ते आधी सांगतो आणि बऱ्याचदा तो तिथेच पडतो.

मैदानावर जायचं तर एडिसनहून पेन स्टेशन, आणि तिथूनच लाँग आयलंड रेलरोड थेट मेट्स-विलेट्स पॉइंटला उतरवते. ब्राँक्ससाठी पेन स्टेशनहून हेरल्ड स्क्वेअरपर्यंत चालायचं आणि 'डी' गाडीने १६१ स्ट्रीट. दोन्ही सोपं आहे, मुलं बरोबर असतील तर पहिलं जास्त सोपं. महाराष्ट्रातून बघणाऱ्यांना सातचा सामना पहाटे साडेचारला पडतो, ते रोज जमणारं नाही. रविवारचे दुपारचे सामने मात्र रात्री अकराच्या सुमाराला सुरू होतात, आणि पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ) आल्यापासून बरेचसे अडीच-पावणेतीन तासांत संपतात.

दोन्ही संघ मे महिन्यात मेट्सच्या सिटी फील्डवर आणि सप्टेंबरात यांकी स्टेडियमवर समोरासमोर येतील. पहिला सामना म्हणून तो निवडू नका. तिकिटं महाग असतात आणि गोंगाटात खेळ कळत नाही. मधल्या वारी कुठल्याही साध्या संघाविरुद्ध जा, आणि तिकीट घेण्याआधी त्या दिवशी पिचर कोण आहे ते बघा. साधारण दोन-तीन दिवस आधी नाव जाहीर होतं. पेराल्टा किंवा मॅक्लीन असेल तर लगेच घ्या.