रिफ्लेक्स की होलोग्राफिक? एकाच रायफलवर दहा महिने दोन्ही वापरून झाल्यावर

मी काही एक्सपर्ट वगैरे नाही, आठवड्यातून एकदा रेंजवर जाणारी साधी शूटर आहे. पण दहा महिन्यांत एकाच रायफलवर आधी रिफ्लेक्स आणि मग होलोग्राफिक अशा दोन्ही साईट (रायफलवर बसवायच्या, नेम धरायच्या काचा) वापरून झाल्या, आणि घ्यायच्या आधी जे रात्र-रात्र जागून वाचलं होतं त्यातलं निम्मं कामालाच आलं नाही, म्हणून लिहितेय.

पहिली घेतली रिफ्लेक्स, २ एमओएचा लाल डॉट (एमओए हे कोनाचं माप, १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण तीन सेंटीमीटर). बसवली, चालू केली, डोळा लावला तर डॉट गोल नाहीच! स्वल्पविराम काढल्यासारखा, खाली शेपूट. मला वाटलं पीस खराब आलाय, परत करायला निघालेच होते. तेवढ्यात शेजारच्या लेनमधले काका म्हणाले, आधी मोबाईलने साईटमधून फोटो काढून बघ. काढला. फोटोत डॉट एकदम गोल! म्हणजे साईट ठीक, माझा डोळा वाकडा. सिलिंडरचा नंबर निघाला आणि मला इतकी वर्षं पत्ताच नव्हता. तर पहिलं काम हे करा, विकत घ्यायच्या आधी कुणाच्या तरी साईटमधून बघून घ्या, बाकीची तुलना नंतर.

आतलं काम थोडक्यात सांगते. रिफ्लेक्समध्ये एक छोटा एलईडी असतो, पुढची काच किंचित वक्र आणि तिच्यावर फक्त तो लाल रंग परत फिरवणारं कोटिंग, त्यामुळे किरण समांतर होऊन डोळ्यात येतात आणि डॉट लांब टार्गेटवर पडल्यासारखा दिसतो. कल्पना जुनीच आहे, हॉवर्ड ग्रब नावाच्या दुर्बिणी बनवणाऱ्या माणसाने १९०० सालीच पेटंट घेतलं होतं. बॅटरीवरचा रेड डॉट मात्र एमपॉइंट या स्वीडिश कंपनीने १९७५ मध्ये आणला. होलोग्राफिकमध्ये लेझर असतो आणि रेटिकलचा (नेमाच्या खुणेचा) होलोग्राम काचांच्या मधल्या फिल्ममध्ये नोंदवलेला असतो, लेझर पडला की तो दिसतो. आणि एक सावधगिरी, नावात 'होलो' असलेल्या बऱ्याच साईट आतून साध्या एलईडीच्याच असतात. बॅटरी वीस-पन्नास हजार तास चालते असं लिहिलेलं दिसलं की समजून जा.

तर शेपटीवाल्या डॉटला कंटाळून चौथ्या महिन्यात होलोग्राफिक घेतली. खिशाला चांगलाच फटका बसला, घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही. ६५ एमओएची रिंग आणि मध्ये १ एमओएचा डॉट. शेपूट गेली, पण डॉट जवळून निरखून बघितला तर बारीक वाळू सांडल्यासारखा दाणेदार दिसतो. मी दोन आठवडे उगाच त्यावर चिडचिड केली. नंतर कळलं की नजर रेटिकलवर नाही, टार्गेटवर ठेवायची, दोन्ही डोळे उघडे. तसं केलं की दाणे जाणवत पण नाहीत.

आता खरी मजा रिंगची. जवळच्या प्लेट (धातूची टार्गेट) पटापट पाडायच्या असतील तर डॉट शोधत बसावं लागत नाही, रिंग आपोआप डोळ्यात भरते. आणि साईट नळीच्या साधारण साडेसहा सेंटीमीटर वर बसते ना, त्यामुळे ५० मीटरला झीरो केलेली (म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी पडेल अशी लावलेली) रायफल सहा-सात मीटरवर जवळपास तेवढीच खाली मारते. रिफ्लेक्सवर हे अंदाजाने वर धरायला लागायचं आणि घाईत मी हमखास विसरायचे. होलोमध्ये रिंगची खालची खूण टार्गेटवर ठेवली की बरोब्बर बसतं, कारण रिंगचा अर्धा भाग म्हणजे ३२.५ एमओए, सात मीटरवर तेच साडेसहा सेंटीमीटर. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिलीवर पैसे घातलेच नसते. लांबवर पण फरक आहे, १०० मीटरला २ एमओएचा डॉट जवळजवळ सहा सेंटीमीटर झाकतो, १ वाला तीनच. ३एक्स मॅग्निफायर (साईटमागे लावायची तिप्पट मोठं दाखवणारी दुर्बीण) लावला की टार्गेटसोबत रिफ्लेक्सचा डॉट पण तिप्पट मोठा दिसतो.

बॅटरी हे मात्र होलोचं रडगाणं. रिफ्लेक्स मी चालू करून विसरून गेले होते, पन्नास हजार तास म्हणजे साडेपाच वर्षांच्या वर, कोण बंद करतंय. होलो साधारण हजार तास, म्हणजे सलग ठेवली तर दीड महिना पण नाही. शिवाय माझी आठ तासांनी आपोआप बंद होते. एका मॅचमध्ये सकाळी चालू केली, दिवस लांबला, माझा नंबर संध्याकाळी आला, बझर वाजला, रायफल उचलली आणि समोर नुसती काच! बटण दाबेपर्यंत दोन सेकंद गेले आणि त्यात माझं तोंड कसं झालं असेल ते विचारू नका. आता लाईनवर जायच्या आधी बटण दाबायची सवयच लावलीये.

थंडी-उन्हाचं पण बघा. होलोग्राफिकमध्ये तापमानाने झीरो सरकतो ही तक्रार हवेतली नाही, २०१५ मध्ये ईओटेक या होलोग्राफिक साईट बनवणाऱ्या कंपनीची तेव्हाची मालक एल-३ हिने याच भानगडीत अमेरिकन सरकारला २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन तडजोड केली होती. माझ्या साईटमध्ये असं काही दिसलं नाही, तरी ऋतू बदलला की पाच गोळ्या कागदावर मारून बघते. माउंटच्या स्क्रूवर पेंटची रेघ मारून ठेवलीये, रेघ तुटली की स्क्रू फिरला. पावसात उलट रिफ्लेक्सने त्रास दिला, माझी उघड्या एमिटरची होती (म्हणजे एलईडी झाकलेला नाही), एक थेंब एलईडीवर बसला की डॉटचा भुगा. घ्यायचीच तर बंद एमिटरची घ्या.

गंमत म्हणजे सातव्या महिन्यात एकदाचा चष्मा केला, आणि चष्मा लावून जुनी रिफ्लेक्स बघितली तर डॉट गोल, शेपूट गायब. म्हणजे ज्या कारणासाठी होलो घेतली ते कारण चष्म्याने फुकटात मिटवलं. तरी होलो काढली नाही, त्या खालच्या खुणेसाठी. रिफ्लेक्स भावाच्या रायफलवर गेली, तो अजून एकदाही बंद न करता वापरतोय आणि दर रविवारी मला विचारतो, काय ताई, सेल बदललास का?